आणखी कुठून काही येतं का?

लोकांना वाटतं, इन्कम टॅक्सचं काम म्हणजे एकदम कोरडं काम. लग्नाबिग्नात कुणी विचारलं, "आप क्या करती हैं?" आणि मी सांगितलं की लोकांचे रिटर्न भरते, तर समोरची बाई लगेच पाणीपुरीच्या स्टॉलकडे बघायला लागते. मी तिला काही सांगत नाही. पण दर जुलैत आमच्याकडे एकेक अशी गोष्ट येऊन पडते, की विचारू नका. रिटर्न भरला की क्लायंट आपले कागद पिशवीत घालून घेऊन जातो. गोष्ट मात्र तो इथेच टाकून जातो!

इथे म्हणजे बाग सेवनियाला, आमच्याच घराच्या पुढच्या खोलीत. सासरे साताऱ्याहून इथल्या कारखान्यात नोकरीला आले आणि भोपाळचेच झाले. मी उज्जैनची, लग्न होऊन इथे आले. ऑफिस माझ्या थोरल्या नणंदेचं, वसुताईंचं. त्यांनी लग्न केलं नाही, आणि देव, भूत, ज्योतिष यांतल्या कशावर विश्वासही ठेवला नाही. "जे पोर्टलवर दिसत नाही ते नसतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी त्यांच्या हाताखाली शिकले.

नुसता पगार असलेला माणूस आमच्याकडे येत नाही, तो मोबाइलवर आपला आपण भरतो. आमच्याकडे येतात ते चार ठिकाणांहून उत्पन्न असलेले. थोडी पेन्शन, थोडं भाडं, एफडीचं व्याज, मुलाने घेऊन दिलेले शेअर्स, गावाकडची शेती. सगळं मांडून झालं की शेवटी आम्ही एक प्रश्न विचारतो, "और कहीं से कुछ आता है?"

प्रश्न साधा आहे. पण तो विचारला की माणूस पंख्याकडे बघतो. त्यानंतर तोंडातून काय निघेल, काही सांगता येत नाही!

* * *

कुलकर्णी सरांचंच घ्या. ग्वाल्हेरकडचे, गणिताचे मास्तर, आता रिटायर्ड. बायको शिक्षिका, तीही रिटायर्ड झालेली. काकू आदल्या हिवाळ्यात गेल्या. त्यानंतर सर पहिल्यांदाच एकटे आले. पेन्शन, व्याज, दोन-तीन ट्यूशन्स. वसुताईंनी त्यांचा पॅन टाकला आणि थांबल्या. पुन्हा टाकला.

"काय झालं?" सरांनी विचारलं.

"सर, इथे तुम्ही... म्हणजे रेकॉर्डला तुम्ही मयत आहात."

काकूंचा पॅन टाकून पाहिला. काकू व्यवस्थित हयात!

जॉइंट खातं होतं, बँकेत कुणीतरी चुकीच्या नावापुढे टिक केली असणार, असं वसुताईंनी समजावलं. सर बँकेत गेले. तिथला मुलगा स्क्रीनवरून नजर न उचलता म्हणाला, "डेथ सर्टिफिकेट लाए हैं?" सर म्हणाले, "किसका?" तर म्हणे, "आपका!"

सरांनी परत येऊन हे सांगितलं तेव्हा आम्ही खूप हसलो. सरही हसले. मग रुमालाने चष्मा पुसत म्हणाले, "पण मेघा, हे पहिल्यांदा नाही झालेलं."

काकू दवाखान्यात होत्या, तेव्हा सर बाहेरच्या बाकावर बसून होते. दुपारी एक नर्स दार उघडून बाहेर आली, इकडेतिकडे पाहिलं आणि सरांनाच म्हणाली, "मिसेस कुलकर्णी को बुलाइए. उनके हस्बंड नहीं रहे."

सर म्हणाले, "हस्बंड मैं हूँ." नर्स गडबडली, कागद पाहिला, माफी मागून आत पळाली.

"तुझी काकू आजारी पडल्यापासून एकच म्हणत होती," सर म्हणाले, "की तुम्ही आधी जा, तुमचं मागे कोण करणार? मी म्हणायचो, बरं बाई, मी जातो."

वसुताई म्हणाल्या, "सर, योगायोग असतात. दोन्हीकडे चूक झाली."

सरांनी चष्मा लावला. "वसुधा, दोन वेगवेगळ्या मुलांचं एकच उत्तर आलं, तर मी वर्गात ते चूक कधी धरलं नाही. मी आधी माझंच उत्तर तपासायचो!"

* * *

देवधर साहेबांचं घर मिसरोदला आहे. ते स्वतः मुलाकडे राहतात, घर भाड्याने दिलेलं. भाडेकरू म्हणजे एक सिन्हा बाई, एकट्याच, अगदी शांत. भाडं दर महिन्याला वेळेवर खात्यात जमा. साहेब आमच्याकडे आले की अभिमानाने सांगायचे, "भाडेकरू असावा तर असा. बल्बसुद्धा गेला म्हणून फोन नाही!"

एका वर्षी आले ते चेहरा पाडून. झालं असं की मिसरोदचे शेजारी त्यांना बाजारात भेटले आणि म्हणाले, "साहब, इतना अच्छा मकान है, किराये पर क्यों नहीं देते? कब से खाली पड़ा है."

साहेबांनी सिन्हा बाईंना फोन लावला. लागेना. मग साहेब आणि मिसेस देवधर जोडीने मिसरोदला गेले. कुलूप गंजलेलं होतं. दुसऱ्या किल्लीने कसंबसं उघडलं. आत फरशीवर धुळीचा जाड थर, आणि त्यावर एकही पाऊल उमटलेलं नाही. दाराशी बाईंच्या चपला नीट जोडून ठेवलेल्या. स्वयंपाकघरात ताट वाढून ठेवायची तयारी केल्यासारखी एक ताटली, एक वाटी, पालथी घातलेला एक पेला. मिसेस देवधर म्हणाल्या, "चला इथून," आणि त्या फाटकाबाहेर जाऊन उभ्या राहिल्या.

साहेब पोलिसांत गेले. तिथल्या माणसाने सगळं ऐकून घेतलं. "किराया आ रहा है?" "आ रहा है." "टाइम पे?" "टाइम पे." "तो भाई साहब, शिकायत क्या है?"

वसुताईंचं म्हणणं, यात काही नाही. बँकेला एकदा सांगून ठेवलं की पैसे दर महिन्याला आपोआप जातात, माणूस असो नसो. साहेब म्हणाले, "मीही तेच म्हटलं होतं, वसुधाताई. पण करारात ठरल्याप्रमाणे एप्रिलपासून भाडं वाढवायचं होतं. मी काही आठवण केली नाही. एप्रिलमध्ये वाढवून आलंय!"

करारावर जबलपूरचा पत्ता होता. साहेब तिथे जाऊन आले. दार सिन्हा बाईंच्या बहिणीने उघडलं. साहेबांनी आपलं नाव सांगितल्यावर तिने आदराने आत बसवलं, पाणी दिलं. साहेबांनी घाबरत घाबरत विचारलं, "सिन्हा मैडम कहाँ हैं आजकल?"

"कहाँ क्या, आप ही के यहाँ!" बहीण म्हणाली. "अभी परसों तो गई हैं यहाँ से. आपकी बहुत तारीफ़ कर रही थीं. बोलीं, मकान-मालिक बड़े भले हैं, कभी झाँकने भी नहीं आते."

साहेब ते पाणी प्यायले नाहीत, तसेच स्टेशनवर आले.

आमच्यासमोर बसून त्यांनी कपाळाचा घाम पुसला. "आता एवढंच सांगा, हे घर रिटर्नमध्ये भाड्याने दिलेलं दाखवायचं, की रिकामं?"

वसुताईंनी क्षणभर विचार केला. "भाडं येतंय ना? मग कुणीतरी राहतंय."

* * *

तुलसी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये मिश्रा मॅडम राहतात. सरकारी नोकरी, पगाराचा फॉर्म सोळा, पीएफ, सगळं एकदम चोख. पण बँक स्टेटमेंट पाहिलं तर दर मंगळवारी बारक्या बारक्या रकमांची रांग. वेगवेगळी नावं, सगळं क्यूआर कोडवरून आलेलं.

"ये क्या है मैडम?"

मिश्रा मॅडमनी पदर सारखा केला. "वो मेरा नहीं है. मंगल को मुझ पे माता आती हैं. लोग चढ़ावा देते हैं. पहले थाली में डालते थे, अब सब मोबाइल से करते हैं."

"पण खातं तुमचं आहे," वसुताई म्हणाल्या. "खात्यात आलं ते तुमचं उत्पन्न. दाखवावं लागेल."

"आमदनी माता की, टैक्स मैं क्यों भरूँ?"

"तो माता का रिटर्न अलग से भर दें?" वसुताईंनी चिडून विचारलं.

मिश्रा मॅडम अगदी गंभीरपणे म्हणाल्या, "माता का पैन नहीं है, मैडम."

मला हसू आवरेना. वसुताई मात्र आता हट्टाला पेटल्या होत्या. "ठीक आहे. मग मातेलाच विचारा, भरायचा की नाही."

मिश्रा मॅडमनी डोळे मिटले. तेवढ्यात लाइट गेली. जुलैत आमच्याकडे लाइट जायला काही कारण लागत नाही, तेव्हा त्याचं काही नाही. कूलर थांबला आणि खोली एकदम शांत झाली. मिश्रा मॅडमची मान खाली होती. ती वर झाली ती वसुताईंकडे नाही, माझ्याकडे. डोळे मिटलेलेच. आवाज त्यांचाच होता, पण म्हातारा झालेला.

"उज्जैन फोन लगा."

मी उज्जैनची, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. माझे बाबा तिथे एकटेच राहतात. मी फोन लावला.

बाबांनी लगेच घेतला. "काय गं, परत?"

"परत म्हणजे?"

"अगं, आत्ताच तर ठेवलास फोन! तूच म्हणालीस ना, बाबा, उठा आणि शेगडी बघा. गेलो तर दूध उतू जाऊन जाळ विझलेला आणि गॅस तसाच सुरू. खिडक्या उघडून बसलोय बघ आता. बरं झालं बाई, फोन केलास. मी दिवा लावायलाच उठणार होतो."

"बाबा, मी..." एवढंच मी म्हणाले. ते म्हणाले, "हो हो, जेवलो." त्यांना कानांनी कमी ऐकू येतं.

मी फोन खाली ठेवला. वसुताई माझ्याकडे बघत होत्या. लाइट आली, कूलर सुरू झाला. मिश्रा मॅडमनी डोळे उघडले, समोरचं पाणी गटागटा प्यायल्या आणि उत्सुकतेने म्हणाल्या, "तो? क्या बोलीं माता? भरना है कि नहीं?"

* * *

रोहित नावाचा एक इंजिनीअर मुलगा आमचा जुना क्लायंट. मंडीदीपला एका कारखान्यात होता, मग ती नोकरी सोडून इंदूरला गेला. वर्षात दोन नोकऱ्या झाल्या की दोन फॉर्म सोळा येतात, ते एकत्र करायचे, रोजचंच काम. पण याचे दोन्ही फॉर्म अख्ख्या वर्षाचे!

"दोनों जगह काम कर रहे थे क्या?" वसुताईंनी दरडावून विचारलं.

"नहीं मैडम! मंडीदीप तो मैंने कब का छोड़ दिया." त्याच्या जुन्या खात्यात पगार येत राहिला होता. ते खातं तो बघतच नव्हता. त्याला वाटलं, पेरोलवाल्यांचा घोळ. मग सुट्टी काढून तो मंडीदीपला गेला, एचआरला भेटून सगळं सांगावं म्हणून.

गेटवरचा गार्ड ओळखीचा. त्याला बघून तो हसला. "अरे साहब! अभी तो अंदर गए आप. बाहर कब निकले?"

रोहितला वाटलं चेष्टा करतोय. तेवढ्यात त्याच्या जुन्या डिपार्टमेंटचा एकजण चहा प्यायला बाहेर आला. खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "रोहित भाई, बॉस बहुत खुश है तुमसे. बोल रहा था, पहले से कितना अच्छा काम करने लगा है!"

"मग? आत जाऊन बघितलंस की नाही?" मी विचारलं.

रोहित बराच वेळ आपल्या बॅगेच्या चेनशी खेळत राहिला.

"नहीं गया मैडम. मान लो अंदर जाता... और सच में मैं बैठा होता, तो?"

वसुताईंनी त्याच्याकडून कारखान्याला ईमेल करवला. पगार थांबला. तिकडून उत्तर एका ओळीचं आलं, की राजीनामा स्वीकारलाय, पुढच्या वाटचालीस शुभेच्छा. त्या वर्षी दोन्ही पगार धरून टॅक्स भरला. भरताना रोहित हळूच म्हणाला, "उसका भी मैं ही भर रहा हूँ!"

* * *

सुधाकाकू आमच्याच कॉलनीतल्या. काका बँकेत होते, अचानक गेले. पुढच्या जुलैत काकू काकांचे कागद घेऊन आल्या. माणूस गेला तरी त्या वर्षीचं त्याचं उत्पन्न असतं, त्याचा रिटर्न वारसाने भरायचा असतो. त्यासाठी काकूंनी आपल्या नावाने अर्ज करायचा. पण जुन्या सवयीने माझ्याकडून काकांच्याच लॉगिनचं बटण दाबलं गेलं, आणि ओटीपी गेला काकांच्या नंबरावर.

"अरे देवा," मी म्हणाले. "काकू, तो नंबर बंद केलात ना?"

"केला की. कार्डच मोडून टाकलं."

एवढं बोलून होईपर्यंत काकूंचा मोबाइल वाजायला लागला. टेबलावरच होता, मला स्क्रीन दिसत होती. स्क्रीनवर काकांचा फोटो, आणि खाली नाव – 'हे'.

काकूंनी काकांचा नंबर तसाच सेव्ह केलेला होता. 'हे' म्हणून.

मोबाइल टेबलावर थरथरत सरकत होता. अखेर काकूंनीच उचलला. कानाला न लावता, स्पीकरवर.

"आंटी जी, नमस्ते," एका तरुण मुलाचा आवाज. "आप मुझे नहीं जानतीं. मेरे फ़ोन पे अभी एक ओटीपी आया है, इनकम टैक्स का. मेरा तो है नहीं. मुझे लगा आपका होगा."

काकांचा बंद केलेला नंबर कंपनीने दुसऱ्या कुणाला दिला होता. तसं होतं, वसुताईंनी मला हलकेच सांगितलं. मीही सुटकेचा निःश्वास टाकला. पण काकूंनी विचारलं, "बेटा, तुम्हें मेरा नंबर कैसे मालूम?"

पलीकडे तो जरासा अडखळला.

"आंटी जी, आप रोज़ सुबह मैसेज करती हैं ना. चाय हो गई, दवाई ले ली, आज तुलसी में फूल आया. पहले मैंने सोचा बता दूँ कि गलत नंबर है. फिर... आदत सी हो गई. मेरी माँ नहीं है. आज आपका मैसेज नहीं आया, तो मैं वैसे भी फ़ोन करने वाला था. आपकी तबियत ठीक है ना?"

काकूंनी दोन्ही हातांनी मोबाइल धरला होता. आज सकाळी इकडे यायच्या गडबडीत त्यांचा मेसेज राहिला होता.

"ठीक है बेटा," त्या म्हणाल्या. "चाय हो गई. दवाई घर जाके लूँगी."

फोन ठेवल्यावर त्या आमच्याकडे वळल्या. मला वाटलं, रडतील. पण त्यांच्या चेहऱ्यावर काही वेगळंच होतं.

"म्हणजे मी लिहिलेलं सगळं पोचत होतं तर!"

वसुताई म्हणाल्या, "काकू, ओटीपी कुणाला सांगायचा नसतो."

* * *

आणि मग गेल्या जुलैतले चतुर्वेदी बाबूजी.

दुपारची वेळ, खोलीत बसायला जागा नाही, आणि दारात एक म्हातारे गृहस्थ उभे. पांढरा कुर्ता, केस नीट विंचरलेले. आमचे जुने क्लायंट नव्हते. वसुताईंनी कुणाला तरी उठवून त्यांना कूलरजवळची खुर्ची दिली.

"नाम बाबूजी?"

"रामनारायण चतुर्वेदी. यहीं, पीछे वाली कॉलोनी में रहते हैं."

"काग़ज़ लाए हैं?"

"काग़ज़ बेटा लाएगा," ते म्हणाले. मग जरा पुढे वाकून, "मेरा नंबर कब आएगा?"

जुलैत हा प्रश्न प्रत्येकजण विचारतो. वसुताईंचं उत्तरही ठरलेलं, "अभी टाइम है, बाबूजी. आराम से बैठिए."

त्यांना ते ऐकून फार बरं वाटलेलं दिसलं. वसुताईंनी आपल्या हातचा आल्याचा चहा दिला. पेला दोन्ही हातांत धरून त्यांनी सावकाश घोट घोट घेतला. नंतर गर्दीत कधी उठून गेले, कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. पुढेही येत राहिले. तीच खुर्ची, तोच प्रश्न, तेच उत्तर. एकदा त्यांनी विचारलं, "पक्का ना? बाहर वाले कह रहे थे, अब निकल ही जाओ."

"कौन बाहर वाले? मैं बोल रही हूँ ना, अभी टाइम है!" वसुताई जवळजवळ रागावल्याच. एवढ्या वयाच्या माणसाला कोण रांगेतून उठवतंय, असं त्यांना वाटलं. बाबूजी हसले आणि परत नीट मागे टेकून बसले.

मग एका सकाळी एक मध्यमवयीन माणूस घाईघाईने आला. हातात फाइल. "मैडम, बाहर बोर्ड देखा तो आ गया. मेरे पिताजी का रिटर्न भरना है. रामनारायण चतुर्वेदी. पेन्शन है, एक दुकान का किराया, पोस्ट ऑफ़िस का ब्याज."

वसुताईंचा चेहरा खुलला. त्या बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात तोच पुढे म्हणाला, "वो आ नहीं पाएँगे. होली के बाद अटैक आया, तब से बिस्तर पर हैं. न हिलते हैं, न बोलते हैं. डॉक्टर ने तो कह दिया है कि अब घर वालों को बुला लीजिए. अँगूठा चलेगा क्या, मैडम?" आणि आपण खोटं बोलत नाही हे दाखवायला त्याने मोबाइलवरचा फोटो आमच्यापुढे धरला.

पलंग. नाकात नळी. केस नीट विंचरलेले.

वसुताईंनी मोबाइल हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि परत दिला. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी मला डोळ्यांनी गप्प केलं. "अँगूठे की ज़रूरत नहीं," त्या म्हणाल्या. "ओटीपी से हो जाएगा. चाय लेंगे?" तो नको म्हणाला, त्याला परत जायचं होतं. आम्ही त्याला काहीही सांगितलं नाही. सांगणार तरी काय?

त्या दिवसापासून बाबूजी आले नाहीत. वसुताई कूलरजवळच्या खुर्चीवर कुणाला बसू देईनात. लोक उभे राहायचे, खुर्ची रिकामी.

बाबूजींचा रिटर्न अर्ध्या तासाचं काम. मी दोनदा फाइल काढली. दोन्ही वेळा वसुताईंनी ती माझ्या हातातून घेऊन ढिगाच्या पार खाली सरकवली.

"वसुताई, होऊन जाईल ना पटकन."

"असू दे," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "त्यांचा नंबर शेवटी."

मुलाचे दोनदा फोन आले, झालं का म्हणून. दोन्ही वेळा वसुताईंनी सर्व्हर डाउन असल्याचं सांगितलं. खोटं बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकत होते.

शेवटची तारीख जवळ आली आणि एका दुपारी मुलगा स्वतःच आला. वसुताई उठून उभ्या राहिल्या. टेबलाची कड त्यांनी घट्ट धरली होती. मुलाच्या हातात मिठाईचा डबा होता.

"मैडम, पिताजी बोले!" तो दारातूनच म्हणाला. डोळे भरून आलेले, आणि हसतही होता. "आज सवेरे आँखें खोलीं, पानी माँगा. दीदी तो रोने लगी, बोली, बाबूजी, हम तो डर गए थे. तो उसको डाँटने लगे! कहते हैं, इतनी जल्दी क्या है, मैडम ने बोला है, अभी टाइम है."

खोलीतले सगळे हसले. वसुताई हसल्या नाहीत.

"हम लोगों ने पूछा, कौन मैडम, बाबूजी? डॉक्टर तो जेंट्स हैं." मुलाने डबा उघडून आमच्यापुढे धरला. "बोले, अरे वही, जो चाय में अदरक बहुत डालती है."